मैदानाचे ऋण

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल खडकी सोडून पुढे आली, की दापोडी आणि कासारवाडी ही दोन स्थानके घेऊन पिंपरीला पोहोचते. अंतर थोडे, परंतु दोन्ही गावांचा इतिहास निराळा. खडकी ही ब्रिटिश अमदानीतील लष्करी छावणी. तेथील दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी मात्र स्वातंत्र्योत्तर काळातली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली पिंपरीस उभा राहिला आणि पुढे वाहनांचे व यंत्रांचे मोठे कारखाने आले. तरीही एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. भोंग्याच्या आवाजावर दिवस मोजणारी कुटुंबे देशाच्या नाना भागांतून येथे आली, वसाहतींतून राहिली आणि आपल्यापेक्षा मुलांना बरे दिवस यावेत म्हणून झिजली.

अशाच एका तमिळ कुटुंबातील मुलाची हकिगत आम्ही येथे सांगू इच्छितो. हॉकीपटू धनराज पिल्ले हे नाव आमच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. त्यांच्या वेगाविषयी, तशीच त्यांच्या तापट स्वभावाविषयीही पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस विचार करावासा वाटतो तो दुसऱ्या बाजूचा. हा खेळाडू परदेशी क्लबांकडे का गेला आणि हाती आलेली विद्या त्याने पुढे कोणाला दिली?

धनराज यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी खडकीस झाला. नागलिंगम आणि अंडाळम्मा या दांपत्याचे ते चौथे पुत्र. वडील मैदानाची देखभाल करणारे कामगार; बिऱ्हाड ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कर्मचारी वसाहतीत. घरात पैशाची ओढाताण होती, परंतु मुलांनी खेळावे असा आईचा आग्रह होता. पाचही भाऊ खेळले. मोडक्या स्टिक, इतरांनी टाकून दिलेले चेंडू आणि धुळीने भरलेले मैदान एवढ्या भांडवलावर शिक्षण सुरू झाले. मोहम्मद शाहिद हा त्या काळचा अव्वल आघाडीपटू. त्याची नक्कल करीत करीत धनराज यांचा स्वतःचा खेळ घडला. घराजवळ मैदान होते आणि त्यावर खेळण्यास कोणी मज्जाव करीत नव्हते, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवतो. पुढे तिचा विचार करावयाचा आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यास धनराज मुंबईस गेले. वडील बंधू रमेश तेथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या संघातून खेळत होते. त्यांनी धाकट्या भावास हाताशी धरले. त्यानंतर महिंद्र अँड महिंद्रच्या संघात त्यांना जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन लाभले. कार्व्हालो हे स्वतः १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळलेले. भारतीय हॉकीच्या इतिहासात अशी ख्रिस्ती नावे ठायी ठायी भेटतात. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत महिलांना सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या संघाच्या कर्णधार एलिझा नेल्सन या तर पुण्याच्याच. आपल्या घरांतून एके काळी स्टिक कोपऱ्यात उभी असे, हे ज्येष्ठ वाचकांस आठवत असेल.

डिसेंबर १९८९मध्ये धनराज भारताकडून प्रथम खेळले आणि २००४ पर्यंत खेळत राहिले. एकूण ३३९ आंतरराष्ट्रीय सामने. १९९२ ते २००४ या काळात चार ऑलिंपिक, १९९० ते २००२ या काळात चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा. हे यश कोणत्या काळातले, तेही ध्यानात घेतले पाहिजे. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी गवतावरून कृत्रिम मैदानावर गेली. खेळ वेगवान झाला, दमछाक करणारा झाला आणि मुख्य म्हणजे महाग झाला. आपल्याकडे अशी मैदाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मातीवर शिकलेल्या मुलाला ऐन तारुण्यात खेळाची बाराखडी पुन्हा गिरवावी लागली.

परदेशी क्लबांचे महत्त्व येथेच कळते. लंडनचे इंडियन जिमखाना, फ्रान्समधील लियों, जर्मनीतील स्टुटगार्ट किकर्स, मलेशियातील बँक सिम्पानन नॅशनल व टेलिकॉम मलेशिया, ढाक्याचे अबाहानी अशा अनेक संघांकडून धनराज खेळले. आपल्या देशात खेळाडू म्हणजे एखाद्या कंपनीचा वा सरकारी खात्याचा नोकर. खेळ हा त्या नोकरीचा भाग. युरोपातील क्लब ही निराळी संस्था आहे. तो गावाचा असतो. एकाच मैदानावर दुपारी बालके, सायंकाळी तरुण-तरुणी आणि सुटीच्या दिवशी प्रौढ मंडळी खेळतात. वर्गणीवर आणि सभासदांच्या विनामूल्य श्रमांवर त्याचा गाडा चालतो. मोठ्या संघात खेळणारा तेथे लहानांना शिकवतो आणि त्यात कोणास नवल वाटत नाही.

मायदेशातील चित्र याहून फार वेगळे होते. १९९८ साली बँकॉक येथे धनराज यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियास टायब्रेकरवर हरवून आशियाई सुवर्णपदक मिळवले. ते पदक तब्बल ३२ वर्षांनी आले होते. देश आनंदला. परंतु थोड्याच काळात कर्णधारासह सात खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. त्यांना विश्रांती दिली आहे, असे अधिकृत उत्तर मिळाले. खेळाडूंनी भत्त्यांविषयी तोंड उघडले त्याची ही शिक्षा, असे अनेकांनी मानले. धनराज पुन्हा संघात आले. १९९९-२०००चा राजीव गांधी खेलरत्न पुरस्कार आणि २००१ साली पद्मश्री हे मान त्यांना लाभले, आणि २००३ साली क्वालालंपूर येथे पाकिस्तानला ४-२ असे हरवून भारताने आशिया चषक जिंकला, तेव्हाही कर्णधार तेच होते. ऑलिंपिक पदक मात्र त्यांच्या हाती कधीच आले नाही. २००० साली सिडनीत पोलंडविरुद्ध अखेरच्या क्षणी बरोबरी झाली आणि उपांत्य फेरीचे दार मिटले. त्यांच्या चरित्रग्रंथाचे नाव ‘फरगिव्ह मी अम्मा’ असे आहे. आई, मला क्षमा कर, हे तीन-चार शब्द त्या कुटुंबाने खेळावर काय काय लावले होते ते सांगून जातात.

खेळ थांबल्यावर धनराज शिकवण्याकडे वळले. मुंबईत त्यांनी हॉकी प्रबोधिनी सुरू केली. कृत्रिम मैदान, साहित्य, मुलांचा आहार यांना पैसा लागतो. तो उभा करण्यासाठी त्यांनी शहरभरातून संगणकाच्या प्रिंटरची रिकामी कार्ट्रिज गोळा करून ती पुनर्वापरासाठी एका युरोपीय कंपनीस विकण्याची मोहीम काढली. चार ऑलिंपिक खेळलेला मनुष्य कचऱ्यातून मुलांसाठी पैसा काढतो, हे दृश्य आम्हांस कौतुकाचे वाटते आणि लाजिरवाणेही. कौतुक त्याचे, लाज आपली. पुढे गुजरात क्रीडा प्राधिकरणाच्या प्रबोधिनीत मुलांना घडविण्याची जबाबदारी त्यांनी अनेक वर्षे सांभाळली. खडकीचे शिक्षण, मुंबईचे संस्कार आणि परदेशी क्लबांची शिस्त अशा रीतीने गुजरातेतील मुलांच्या कामी आली.

विद्या कोठेही पोहोचली तरी ती सार्थकी लागते. तरीसुद्धा आमच्या मनात प्रश्न उरतो. तिच्या उगमाशी काय उरले? उत्तर अगदीच निराशाजनक नाही. अथेन्सच्या २००४च्या ऑलिंपिक संघात धनराज यांच्यासमवेत खडकीचेच विक्रम पिल्ले होते. पिंपरीच्या नेहरूनगरात मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे कृत्रिम मैदान महानगरपालिकेने उभारले आहे, आणि डिसेंबर २०२१मध्ये पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा तेथे भरली. खडकीच्या मातीतल्या मुलाला जे मैदान परमुलखात शोधावे लागले, ते आज लोकलच्या तिसऱ्या स्थानकावर आहे.

परंतु मैदान आणि प्रशिक्षक असले तरी मुलाला तेथवर नेणारे घर लागते. चाकणपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात आज पगार वाढले आहेत, शिकवण्या वाढल्या आहेत. मोकळ्या जागा मात्र वाहनतळांखाली जात आहेत. त्यांत आपली चर्चची आवारेही आली. म्हणून आमचे प्रत्येक धर्मग्रामातील कुटुंबांस दोन गोष्टींचे मागणे आहे. आवारातील जी जागा अजून मोकळी आहे, ती संध्याकाळी दोन तास मुलांसाठी राखावी. आणि कंपनीच्या वा लष्कराच्या संघातून खेळून निवृत्त झालेले जे गृहस्थ आपल्या शेजारी राहतात, त्यांच्या दारी जाऊन त्यांना त्या दोन तासांसाठी बोलवावे. ती माणसे बहुधा नाही म्हणणार नाहीत. त्यांना आजवर कोणी विचारलेच नाही, एवढेच.