एकाच वर्षाच्या दोन कविता

केशवसुतांना आपण बंडखोर कवी म्हणतो, आणि १८९३ सालची ‘तुतारी’ पुराव्यादाखल पुढे करतो. पण ‘झपूर्झा’ही त्याच वर्षाची. एकीत कवी निद्रिस्त समाजाला जागे करू पाहतो. दुसरीत जगाचे भान हरपण्यातच त्याला ज्ञानाची वाट दिसते. मग खरे केशवसुत कोणते?

हा पेच रोमँटिसिझमच्या मुळातच आहे. पॅरिसच्या १८३० च्या उठावावर देलाक्र्वाने लोकांना पुढे नेणारी स्वातंत्र्यदेवता रंगवली. त्याआधी सुमारे वीस वर्षे जर्मन चित्रकार फ्रीडरिशने अथांग समुद्रापुढे एकटा संन्यासी उभा केला होता. संगीतकार वाग्नर १८४९ च्या ड्रेस्डेनच्या उठावात सामील झाला, आणि ऑपेरांसाठी प्राचीन जर्मनिक पुराणकथांकडे वळला.

आपल्या नगरमध्ये तर हा विरोध एका घरात नांदला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ख्रिस्तभक्ती गायली ती मात्र संतांच्या अभंगातून. त्यांच्या घरी राहिलेल्या बालकवींनी निसर्गातला आनंद गायला, तितकीच खोल उदासीनताही.

या साऱ्यांनी रूढीपेक्षा अंतःकरणाची साक्ष मोठी मानली. ती साक्ष माणसाला रस्त्यावर नेते, तशी एकांतातही. परंपरा सोडायला लावते, तशी जवळही करायला लावते. ‘क्रांतिकवी’, ‘निसर्गकवी’ ही लेबले सोयीची खरी; पण त्यांच्यामुळे प्रत्येक कवीचा अर्धा भाग आपण न वाचताच सोडतो.