खानदेशातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याची परंपरा : छात्रालय ते विद्यापीठ

प्रास्ताविक :
भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) अन्वये नागरिकांना भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य लाभले. तथापि या स्वातंत्र्याचा जबाबदारीने वापर करण्याची सवय कायद्याने लागत नाही. ती संस्थांमधून घडवावी लागते. या दृष्टीने साने गुरुजींचे खानदेशातील कार्य अभ्यसनीय ठरते.

छात्रालय आणि तुरुंग :
१९२४ साली गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. तेथील मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले आणि १९२८ साली ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. हस्तलिखितास ना छापखाना लागे, ना भांडवल. लिहिणारा व वाचणारे रोज समोरासमोर येत असल्याने लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी टाळता येत नसे.

१९३० साली नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहात उतरले. १९३१ च्या कायद्यान्वये सरकार छापखान्यांकडून जामीन मागू शकत होते. गुरुजींच्या ‘पत्री’ या काव्यसंग्रहाच्या प्रतीही सरकारने जप्त केल्या. मात्र १९३२ साली त्याच सरकारच्या धुळे तुरुंगात विनोबांनी गीतेवर १८ प्रवचने दिली. गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ मराठीस मिळाला. पुढे १९३८ साली अमळनेरहूनच त्यांनी ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढले. बोलणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्याचेही महत्त्व धुळ्याच्या प्रसंगातून स्पष्ट होते.

विद्यापीठीय संदर्भ :
१९९० साली जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. निरक्षर बहिणाबाईंच्या ओव्याही घरातील माणसांनी लिहून ठेवल्यामुळेच टिकल्या, हे येथे लक्षणीय होय. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधित्व मुख्यतः गुणवत्तेवर सोपविले होते. २०१६ च्या कायद्याने मतदानाने निवडणुकीची तरतूद केली. परंतु मतपेटीपूर्वी मतभेद मांडण्याचा व ऐकून घेण्याचा सराव आवश्यक असतो. तो सराव भित्तिपत्रक, वादसभा आणि वार्षिक अंक यांतून होतो.

समारोप :
आज विद्यार्थ्याच्या हाती प्रसारणाचे साधन आहे. समोर बसून उत्तर मागणारा वाचक मात्र दुर्मीळ झाला आहे. अशा वेळी वार्षिक अंकाकडे आलेला गैरसोयीचा लेख संपादक प्राध्यापकाने गुपचूप बाजूला ठेवल्यास विद्यार्थी केवळ मौन शिकतो. त्या लेखकास पुरावे मागून, त्याचे म्हणणे ऐकून आणि प्रतिवादास जागा देऊन तो लेख छापल्यास विद्यार्थी नागरिकत्व शिकतो. अमळनेरच्या छात्रालयाचा वारसा जपण्याची जबाबदारी म्हणूनच प्रथम अध्यापकवर्गावर येते.