देशी बुद्धिबळाचे गुणदोष

बुद्धिबळाचा पट सगळीकडे चौसष्ट घरांचाच असला, तरी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत भारतातले आणि युरोपातले नियम वेगळे होते. भारतात प्रांतोप्रांती जो खेळ चाले, त्याला पुढे ‘देशी पद्धत’ हे नाव पडले. आंतरराष्ट्रीय नियमांपुढे ती मागे पडली, पण तिच्यात खेळ म्हणून काय सरस होते आणि काय उणे होते, हे तिच्या नियमांतूनच स्पष्ट होते.

मूळचे चतुरंग संथ होते. ते इराणमार्गे अरबांकडे गेले तेव्हा वजीर तिरपे एकच घर चाले. आज उंट असतो त्या जागचे मोहरे तिरपी उडी घेई आणि साऱ्या पटावर त्याला जेमतेम 8 घरे मिळत. लढाई जुंपायला फार वेळ लागे, म्हणून बगदादचे खेळाडू ठरावीक मांडणीपर्यंतच्या खेळी झटपट उरकून घेत. 1475 च्या सुमारास स्पेन आणि इटलीत वजीर व उंट यांना आजच्या लांब चाली मिळाल्या आणि खेळाला वेग आला. भारतानेही पुढे या चाली उचलल्या, मात्र बाकीचे बरेच नियम जुनेच ठेवले.

या खेळावर लिहिणाऱ्यांत महाराष्ट्राशी नाते असलेले दोघे महत्त्वाचे आहेत. मूळच्या पैठणच्या, काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात ‘नीतिमयूख’ या ग्रंथात बुद्धिबळाचे विवेचन केले. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला असलेल्या त्रिवेंगडाचार्यांनी संस्कृतात ‘विलासमणिमंजरी’ रचली आणि तिचा इंग्रजी अनुवाद 1814 मध्ये मुंबईत छापला गेला. त्यात डावाच्या शेवटाचे पेच सोडवून दाखवले आहेत. मात कशी करायची याची गोडी या परंपरेत किती होती, ते त्यावरून समजते.

देशी डावात दोन्ही राजे समोरासमोर नसत, राजासमोर वजीर असे. प्यादे सुरुवातीलाही एकच घर सरके, काही भागांत मात्र ठरावीक प्याद्यांना दोन घरांची मुभा होती. राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवण्याचा किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी, शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्याची उडी घेता येई.

सर्वांत वेगळा नियम प्याद्याच्या बढतीचा होता. शेवटच्या ओळीत पोहोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात शिरे, तेच मोहरे होई. समजा, शेवटी एका बाजूला एकच प्यादे उरले आहे. ते कडेच्या पट्टीत असेल तर त्याचा हत्ती होणार आणि हत्तीच्या जोरावर मात करता येते. तेच प्यादे शेजारच्या पट्टीत असेल तर त्याचा घोडा होणार आणि राजा व घोडा मिळून एकट्या राजावर मात होत नाही. आजच्या नियमांत कडेचे प्यादे सर्वांत दुबळे मानतात, देशी डावात मात्र त्याचा भाव वधारे. मारामारी करून प्यादे कोणत्या पट्टीत न्यायचे, याचा हिशेब त्यामुळे फार आधीपासून मांडावा लागे. डावपेचांची ही खोली खरोखर मोलाची होती.

दुसरा नियम ‘बुर्ज’चा. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला की अनेक ठिकाणी डाव बरोबरीत किंवा अर्धा जिंकलेला धरत. त्यामुळे वरचढ खेळाडूला समोरचे शेवटचे मोहरे जिवंत ठेवून मात करावी लागे. जिंकत आलेला डाव नेमकेपणाने संपवण्याचे कसब त्यातून तयार होई. पण ज्याने अधिक चांगला खेळ केला त्याच्यावरच जादा ओझे पडे, हा या नियमाचा अन्याय होता.

संथ सुरुवातीचाही असाच दुहेरी परिणाम झाला. कलकत्त्याचे महेशचंद्र बॅनर्जी 1850 च्या दशकात स्कॉटिश बुद्धिबळपटू जॉन कॉक्रेन यांच्याशी खेळताना प्यादी एकेक घर सरकवून उंट पटाच्या लांब तिरप्या रेषेवर ठेवत. युरोपला ही मांडणी भित्री वाटली, पण विसाव्या शतकात हेच बचाव ‘इंडियन’ या नावाने जगभर मान्य झाले. पंजाबचे मीर सुलतान खान देशी पद्धतीत वाढले. 1929, 1932 आणि 1933 मध्ये ते ब्रिटिश विजेते झाले आणि हेस्टिंग्जच्या 1930-31 च्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. सुरुवातीच्या खेळींचा अभ्यास ही त्यांची कच्ची बाजू होती, तर मध्य आणि शेवट ही त्यांची ताकद.

देशी पद्धतीचा खरा घातक दोष म्हणजे नियमांतील प्रांतोप्रांतीचा फरक. शिवाय डाव लिहून ठेवण्याची चाल फारशी नव्हती, त्यामुळे एका पिढीचे शहाणपण दुसरीपर्यंत तुटकपणे पोहोचे. आंतरराष्ट्रीय नियमांकडे वळण्याच्या या काळात 1951 मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. 1955 च्या एलुरू येथील पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने स्पर्धांची परंपरा रुजवली.

आंतरराष्ट्रीय नियमांचेही दोष पुढे उघड झाले. पाठ केलेल्या सुरुवाती आणि बरोबरीचे डाव या त्यांतल्या मुख्य तक्रारी. 1927 च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत 34 पैकी 25 डाव बरोबरीत सुटले, 2018 मध्ये तर मुख्य लढतीचे सर्व 12. बॉबी फिशरने 1996 मध्ये मागच्या ओळीतील मोहऱ्यांच्या 960 मांडण्यांचा खेळ सुचवला. पाठांतर बाद व्हावे आणि पहिल्या खेळीपासून स्वतःच्या बुद्धीने खेळावे लागावे, हा त्यामागचा हेतू. छापील सुरुवातींविना खेळणाऱ्या देशी खेळाडूला असेच खेळावे लागे. सर्वत्र एकच नियम आणि लिहिलेले डाव यांमुळे भारतीय बुद्धिबळ जगाच्या बरोबरीने उभे राहिले, म्हणून तो बदल आवश्यकच होता. मात्र त्या बदलात प्याद्याच्या पट्टीचा आणि बुर्जाचा विचार करायला लावणारी शेवटाची एक समृद्ध विद्या भारताने गमावली.