डेलियाचा हिवाळा

युरोपच्या बागांत आज डौलाने फुलणारा डेलिया हा मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ मुलखातला. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने 1570 साली तेथे पाठविलेले वैद्य फ्रान्सिस्को हर्नांडेझ यांनी ‘अकोकोत्ली’ या स्थानिक नावाने त्याची नोंद केली होती. परंतु युरोपच्या मातीत तो रुजण्यास आणखी दोन शतके लागली. 1789 च्या सुमारास त्याचे बी माद्रिदच्या राजोद्यानात पोहोचले. तेथे काव्हानिय्येस (1745-1804) या वनस्पतिशास्त्रज्ञ धर्मगुरूने 1791 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि स्वीडनच्या आंद्रेस डाल यांचे नाव त्याला दिले.

नाव मिळाले; पण हिवाळ्याचे काय? मेक्सिकोच्या पठारावर हिवाळा कोरडा असतो. वरचे झाड वाळते आणि कंद जमिनीत स्वस्थ विसावतो. उत्तर युरोपात मात्र जमीनच गोठते आणि पाण्याने भरलेला कंद सडून जातो. उष्ण देशाचा पाहुणा समजून कित्येकांनी त्याला उबदार काचगृहात कोंडले. तेही त्याला मानवले नाही. 1798 मध्ये इंग्लंडात आलेली पहिली रोपे काही वर्षांतच नाहीशी झाली. 1804 साली लेडी हॉलंड यांनी माद्रिदहून पुन्हा बी धाडले, तेव्हा कोठे ते फूल तेथे स्थिरावले.

पुढे माळी अनुभवाने शिकले. पहिले दहिवर गोठून पाने काळी पडली की ते दांडा वीतभर ठेवून छाटतात, दाताळ्याने कंदांचा झुबका अलगद उपसतात, पोकळ दांड्यातील पाणी निथळावे म्हणून तो उलटा टांगतात आणि सुकल्यावर कोरड्या वाळूत, गारठा न पोहोचणाऱ्या जागी ठेवतात. दांड्याचा बुडखा मात्र तोडीत नाहीत; कारण नवे डोळे तेथेच फुटतात. नुसता कंद कितीही भरदार असला तरी उगवत नाही.

आपल्याकडे ऋतूच उलटा. येथे डेलिया थंडीत फुलतो आणि त्याचे कंद जपावे लागतात ते उन्हाळ्यात व पावसाळ्यात. रीत मात्र तीच.

1963 मध्ये मेक्सिकोने डेलियाला राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला. वैद्य, धर्मगुरू व उमराव यांची नावे इतिहासाने जपली. दरवर्षी कंद उपसून, चाचपून, सडका भाग काढून वसंतापर्यंत सांभाळणाऱ्या माळ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. तरीही हे फूल आपल्यापर्यंत पोहोचले, ते त्यांच्या हातांमुळेच.