दफ्तर कोणाच्या हातीं ?

नंदुरबार जिल्ह्यांतील शहादा तालुक्यांत टेंभली नांवाचें एक लहानसें गांव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजीं तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग व श्रीमती सोनिया गांधी या गांवीं आले आणि 'आधार' या ओळखक्रमांकाचें देशांतील पहिलें वाटप तेथें झालें. पहिला क्रमांक मिळाला तो गांवांतील एका आदिवासी स्त्रीस. समारंभ आटोपला, पाहुणे परतले. परंतु त्या दिवशीं घडलेली खरी नवलाची गोष्ट कोणाच्या डोळ्यांना दिसण्याजोगी नव्हती. त्या स्त्रीच्या बोटांचे ठसे ज्या दफ्तरांत नोंदले गेले, तें टेंभलीस नव्हतें, शहाद्यास नव्हतें आणि नंदुरबारासही नव्हतें. आज त्या दफ्तराचीं मुख्य स्थानें बंगळूर व हरियाणांतील मानेसर येथें आहेत. दफ्तर गांवापासून इतकें दूर कसें गेलें, आणि दूर जाऊन तें गांवकऱ्याच्या अधिक जवळ आलें काय, हा इतिहास पाहण्यासारखा आहे.

पूर्वीं गांवचें दफ्तर म्हणजे कुळकर्ण्याच्या घरचें दफ्तर. धारा, वसूल, बाकी हें सारें तो मोडींत लिही. परगण्याचा हिशेब देशपांड्याकडे असे, आणि या सर्वांच्या माथ्यावर पुण्याचें हुजूर दफ्तर. कागदांच्या थप्प्या फडक्यांत बांधून ठेवीत. त्या गांठोड्यास रुमाल म्हणत. १८१८ सालीं पेशवाई बुडाली व खानदेश इंग्रजांच्या अंमलाखालीं गेला. पण रुमाल मात्र टिकले. १८९१ सालीं पुण्यास त्यांच्यासाठीं स्वतंत्र इमारत उभी राहिली, आणि पुढें १९३० ते १९३४ या काळांत रियासतकार गो. स. सरदेसाई यांनीं त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. असें हें दफ्तर जपलें गेलें खरें. तथापि त्यांत एक वैगुण्य होतें. जो लिहिणारा तोच राखणारा. आपल्या शेताविषयीं कागदावर काय लिहिलें आहे, हें निरक्षर कुळास कळण्याचा मार्ग कुळकर्ण्याच्या ओसरीवरूनच जात असे.

१९०३ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणीची पद्धत आली. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९५१ सालीं कुळकर्णी वतनें नष्ट झालीं व दफ्तर पगारी तलाठ्याकडे गेलें. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून सहा तालुक्यांचा नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. राखणारे बदलले, कचेऱ्या बदलल्या. पण अक्राणीच्या डोंगरांतील शेतकऱ्यास कागदासाठीं कचेरीची वाट तुडवावी लागे, ती लागेच.

संगणक आले तेव्हां हा प्रश्न चुटकीसरशीं सुटेल असें अनेकांस वाटलें. १९७६ सालीं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र स्थापन झालें व पुढील दशकांत त्यानें उपग्रहाच्या साह्यानें जिल्ह्यांच्या कचेऱ्या जोडण्यास आरंभ केला. परंतु प्रत्येक कचेरींतील यंत्र आपापली प्रत निराळी राखूं लागलें, कीं एक नवाच तंटा उभा राहतो. तालुक्याच्या प्रतींत वारसाचें नांव चढलें आणि जिल्ह्याच्या प्रतींत चढलें नाहीं, तर खरी प्रत कोणती मानावी ? यावर उपाय असा कीं, दफ्तर एकाच भांडारांत ठेवावें व सर्व कचेऱ्यांनीं तारेच्या जाळ्यांतून तेंच उघडावें. एकानें केलेली दुरुस्ती दुसऱ्यास तत्काळ दिसावी. कोणी नुसतें वाचावें व कोणी लिहावें, हें अगोदर ठरवून द्यावें. आणि कोणी, केव्हां, काय बदललें याची नोंद आपोआप व्हावी. या व्यवस्थेस लोक 'क्लाउड', म्हणजे ढग, म्हणतात. भारत सरकारनें आपल्या अशा योजनेचें नांवही 'मेघराज' असेंच ठेविलें. वास्तविक त्यांत ढगासारखें कांहीं नाहीं. अखंड वीज व गारवा यांवांचून न चालणाऱ्या यंत्रांच्या त्या कोठ्या आहेत, आणि एका कोठीची प्रत दूरच्या दुसऱ्या कोठींत ठेवणें हा तिचा मुख्य नियम.

या नियमाचें मोल महाराष्ट्रास २१ जून २०१२ रोजीं कळलें. त्या दिवशीं मुंबईस मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली व वरच्या मजल्यांपर्यंत पसरली. माणसें दगावलीं आणि असंख्य फायली जळून गेल्या. ज्या कागदांच्या प्रती आधींच संगणकांत गेल्या होत्या, ते वांचले. त्यानंतर कागदाविना कारभार करण्याच्या योजनेनें राज्यांत जोर धरला. २०१५ सालीं नागरिकास आपलीं प्रमाणपत्रें अशा भांडारांत ठेवण्याची 'डिजिलॉकर' ही सोय झाली, आणि २०१८ पासून संगणकीय स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागला.

तथापि किल्लीचा प्रश्न उरलाच. एका भांडारांत कोट्यवधि माणसांची माहिती सांठली, तर ती कोणी पहावी ? 'आधार'च्याच खटल्यांत हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय दिला.

दुसरा प्रश्न वाटेचा. सातपुड्याच्या दऱ्यांतून तार नेणें व लहरी पोंचविणें सोपें नव्हे. ग्रामपंचायती जोडण्याच्या योजनेस २०११ सालीं मंजुरी मिळाली; परंतु पंचायतीच्या दारापर्यंत आलेली तार दूरच्या पाड्यावर आपोआप जात नाहीं. शिवाय आयुष्यभर कष्ट करून झिजलेलें बोट यंत्र ओळखीलच असें नाहीं. अशा वेळीं धान्य घेण्यास आलेली म्हातारी दुकानांत उभी असते, दुकानदार तिला लहानपणापासून ओळखत असतो, आणि तरी 'ओळख पटली नाहीं' असें यंत्र सांगतें. २०१६ च्या कायद्यांत, ज्यास क्रमांक मिळालेला नाहीं त्यास ओळखीचा दुसरा मार्ग द्यावा, अशी तरतूद आहे. क्रमांक असूनही यंत्र नाकारील त्याच्यासाठीं हीच बुद्धि कारभाऱ्यांनीं ठेविली पाहिजे.

कुळकर्ण्याच्या ओसरीवर रुमाल सोडला जाई, तेव्हां ज्याच्याविषयीं तो कागद असे तो मनुष्य खालीं अंगणांत उभा असे. आतां ओसरी राहिली नाहीं. मेघांतील दफ्तर जळण्याची भीति कमी, हरवण्याचीही कमी. पण टेंभलीच्या किंवा अक्राणीच्या मनुष्यास तें स्वतः उघडतां येईल, त्यांतील चूक दाखवून दुरुस्त करून घेतां येईल, तेव्हांच तो अंगणांतून वर आला असें म्हणतां येईल.