अंडे न फोडणारे चिलखत

चिलखताचा पत्रा जितका जाड, तितका आतला सैनिक सुरक्षित आणि तितकाच तो मंद. हा हिशेब कोणत्याही लोहाराला चुकवता आला नाही. विसाव्या शतकातील विज्ञानकथालेखकांनी त्यावर एक तोड काढली : चिलखतालाच इंजिन बसवायचे. या कल्पनेचा प्रवास पाहताना मौज वाटते ती अशी की, दर पिढीतील लेखकाने तिला आधीच्यापेक्षा अवघड प्रश्न विचारला.

१९३७ साली अमेरिकेतील एका मासिकात ई. ई. स्मिथ यांची 'गॅलेक्टिक पॅट्रोल' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. तिच्यातील वीर जड अवकाश-चिलखते घालतात, त्यांभोवती ऊर्जेचे पडदे असतात. स्मिथ यांचे सारे लक्ष संरक्षणावर आहे.

रॉबर्ट हाइनलाइन यांची 'स्टारशिप ट्रूपर्स' १९५९ साली प्रसिद्ध झाली. हे गृहस्थ १९२९ साली नौदल अकादमीतून बाहेर पडलेले आणि क्षयामुळे १९३४ साली नौदल सोडावे लागलेले. त्यांना पडलेला प्रश्न खरा तंत्रज्ञाचा होता. आतल्या माणसाला काय करायचे आहे, हे चिलखताला कळणार कसे? सुमारे ९०० किलोचे हे धूड तरफा आणि बटणांनी चालवायचे म्हटले तर सैनिकाला लढायला हातच उरणार नाहीत. हाइनलाइन यांनी चिलखताच्या आतून दाब ओळखणारे शेकडो संवेदक बसवले. सैनिकाने हात पुढे केला की संवेदक दाबला जातो. यंत्रणा तो दाब नाहीसा होईपर्यंत पोलादी हात पुढे ढकलते. दाब शून्य झाला की हात थांबतो. त्यामुळे अंडे न फोडता उचलता येते.

बी. एड.च्या पुस्तकांत भेटणारा 'प्रत्याभरण' हा शब्द इथे त्याच्या मूळ अर्थाने आला आहे. हे ऋण प्रत्याभरण होय : चूक मोजायची आणि ती कमी होईल अशीच हालचाल करायची. (१९९७ साली या कादंबरीवर चित्रपट निघाला. त्यात ही चिलखतेच गाळली! म्हणजे कादंबरीतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट गेली.)

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात काय होते, ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या 'हार्डिमन' या यंत्राने दाखवले. कादंबरी वाचून हे काम निघाले असे नव्हे; कंपनीतील राल्फ मोशर किरणोत्सारी पदार्थ हाताळणारे यांत्रिक हात आधीपासूनच तयार करीत होते. १९६५ साली अमेरिकी सैन्यदलांसाठी हार्डिमनचे काम सुरू झाले. यंत्राचे वजन सुमारे ६८० किलो आणि तेवढेच ओझे उचलण्याचे उद्दिष्ट. २५ किलो उचलताना आतल्या माणसाला एकच किलो जाणवावा, अशी योजना होती. १९७१ पर्यंत एक हात चालला. त्याने सुमारे ३४० किलो उचलले. पण संपूर्ण सांगाडा सुरू करताच तो बेफाम हिसके देऊ लागे. आत माणूस घालून तो पूर्णपणे कधीच चालवला गेला नाही.

असे का व्हावे? न्हाणीघरातील गरम-थंड पाण्याचे नळ आठवा. पाणी गार लागले म्हणून आपण गरम नळ सोडतो. नळीतून पाणी यायला वेळ लागतो, तोवर आणखी सोडतो. मग चटका बसतो, आणि आपण तितक्याच घाईने उलटे फिरवतो. दुरुस्ती उशिरा पोहोचली की ती स्वतःच चूक बनते. अनेक सांध्यांत हा उशीर एकमेकांत मिसळला, तर माणसाचे हाड मोडायला क्षण पुरे.

आता एक गणित. वर्गात घालण्याजोगे आहे. ९०० किलोचे चिलखत केवळ पायांच्या जोरावर २० मीटर उंच उडाले, तर ऊर्जा लागेल सुमारे १ लाख ७६ हजार ज्यूल. पाय सरळ होताना अंतर मिळते फार तर एक मीटर, आणि वेळ सुमारे एक दशांश सेकंद. म्हणजे २,३०० अश्वशक्तीच्या वर! त्याहून वाईट म्हणजे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या २० पट. खास पोशाख घातलेला लढाऊ वैमानिकही साधारण ९ पटीपर्यंतच तग धरतो. पोलाद टिकेल, माणूस टिकणार नाही. हाइनलाइन यांनी उडीसाठी पायांच्या जोडीला जेट दिले, ते उगाच नव्हे.

इंजिन आले की उष्णता आलीच. ती कुठे टाकायची, हा प्रश्न जो हॉल्डमन यांनी 'द फॉरएव्हर वॉर' (१९७४) मध्ये विचारला. ते व्हिएतनाममध्ये लढले आणि जखमी झाले होते. त्यांचे सैनिक प्लुटोपलीकडील 'कॅरन' नावाच्या काल्पनिक ग्रहावर सराव करतात (प्लुटोच्या खऱ्या चंद्राचा शोध व नाव त्यानंतरचे, १९७८ चे). पाठीवरचे उष्णता फेकणारे तापलेले पंख गोठलेल्या वायूला टेकले, तर त्याची तत्क्षणी वाफ होऊन स्फोट होतो. शत्रू दिसण्याआधीच चिलखत माणूस मारते. तेच चिलखत जखमी अवयव कापून टाकते आणि जखम बंद करते. हाइनलाइन यांच्या सैनिकाला चिलखताचा अभिमान आहे. हॉल्डमन यांच्या सैनिकाला त्याची भीती वाटते, आणि मला ती अधिक खरी वाटते.

अमेरिकी सैन्याने २०१३ साली 'टॅलॉस' या नावाने असा पोशाख बनवण्याचे काम पुन्हा हाती घेतले. २०१९ मध्ये ते पूर्ण पोशाखाविनाच थांबले. जपानमध्ये मात्र त्सुकुबा विद्यापीठातील योशियुकी सांकाई यांनी 'हॅल' हा यांत्रिक सांगाडा बनवला. स्नायूला मेंदूचा आदेश मिळताच त्वचेवर उमटणारे क्षीण विद्युत्-संकेत तो वाचतो; दाब पडण्याची वाट पाहत नाही. मज्जातंतू व स्नायूंच्या काही विकारांच्या रुग्णांना चालण्याच्या उपचारासाठी २०१६ पासून जपानच्या आरोग्य विम्यातून तो मिळू लागला.