भरलेलं पोर्क रोस्ट: आतपर्यंत शिजलंय हे नेमकं कसं ओळखायचं?

पाहुणे जेवायला येणार असले की भरलेलं पोर्क रोस्ट हा पदार्थ हमखास भाव खाऊन जातो. ताटात मांसाची गोल चकती आणि तिच्या मधोमध सारण, एवढं दिसलं तरी पुरे. गोव्यात मोठ्या समारंभांना डुकराच्या पिल्लाच्या पोटात सारण भरून ते अख्खं भाजतात. गोव्याच्या प्रसिद्ध रेशाद मसाल्याच्या नावामागच्या पोर्तुगीज शब्दाचा अर्थच मुळी 'भरलेलं' असा आहे. इटलीत रोमजवळच्या अरिच्चा गावची पोर्केत्ता अशीच प्रसिद्ध आहे. हाडं काढलेल्या डुकराला लसूण, रोजमेरी आणि मिरी लावून ते गुंडाळून भाजतात. 2011 मध्ये या पोर्केत्ताला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं.

घरी मात्र हा पदार्थ एका ठिकाणी हमखास फसतो. बाहेरून खरपूस झालेलं रोस्ट आतून कच्चं राहतं.

असं का होतं?

ओव्हनची उष्णता बाहेरून आत सरकते. साध्या रोस्टच्या मध्यभागी मांस असतं, भरलेल्या रोस्टच्या मध्यभागी सारण असतं. म्हणजे सर्वांत शेवटी तापतं ते सारणच. भाजताना मांसाचा रस सारणात मुरतो, त्यामुळे सारण आधीच शिजवलेलं असलं तरी ते पुन्हा नीट तापणं गरजेचं असतं.

अमेरिकेच्या कृषी विभागाचे निकष इथे उपयोगी पडतात. पोर्कच्या अख्ख्या तुकड्यासाठी आतलं तापमान 63 अंश सेल्सिअस आणि त्यानंतर 3 मिनिटं विश्रांती पुरेशी मानली जाते. खिम्यासाठी हा आकडा 71 आहे आणि सारणासाठी 74. भरलेल्या रोस्टला 74 हाच आकडा लागू होतो.

रंगावरून का कळत नाही?

'गुलाबी दिसलं म्हणजे कच्चं' हा समज पक्का नाही. सारणात सॉसेज किंवा बेकन घातलं असेल, तर त्यातल्या नायट्राइटमुळे मांस पूर्ण शिजूनही गुलाबी दिसू शकतं. उलट, तपकिरी दिसणारं मांस पुरेसं तापलेलं असेलच असं नाही. सुरी खुपसून पाहिली तरी नेमका अंदाज येत नाही. मांसात खुपसायचा थर्मामीटर ऑनलाइन सहज मिळतो. त्याचं टोक सारणाच्या अगदी मध्यात जायला हवं.

जंतांचं काय?

पोर्क म्हटलं की पट्टकृमीची, म्हणजे टेपवर्मची, भीती निघतेच. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या पोर्कमधल्या अळ्या पोटात गेल्या तर आतड्यात पट्टकृमी वाढतो. नीट शिजवल्याने हा धोका टळतो. मेंदूत गाठी होऊन फिट येण्याचा आजार मात्र थेट पोर्क खाऊन होत नाही. तो या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो. ही अंडी कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि अस्वच्छ हात, पाणी किंवा न धुतलेल्या भाज्यांमार्फत पसरतात. त्यामुळे शाकाहारी माणसालाही हा आजार होऊ शकतो. मांस नीट शिजवणं जितकं गरजेचं, तितकंच कोशिंबिरीची भाजी आणि हात नीट धुणंही.

8 जणांसाठी किती आणि काय?

पाठीचा बिनहाडाचा तुकडा, म्हणजे लॉइन, दीड किलो घ्यावा. वरचा चरबीचा पातळ थर ठेवायला सांगावं. लॉइनमध्ये आत चरबी कमी असते, त्यामुळे 74 अंशांपर्यंत जाताना ते कोरडं पडू शकतं. वरची चरबी आणि ओलसर सारण त्याला सांभाळून घेतात. आदल्या रात्री 15 ग्रॅम मीठ आणि मिरपूड चोळून फ्रीजमध्ये ठेवावं.

सारणासाठी 2 कांदे, 6 पाकळ्या लसूण आणि 1 सफरचंद लोण्यात परतावं. त्यात 4 पावांचा चुरा, कोथिंबीर आणि चमचाभर व्हिनेगर घालावं. सॉसेज घालायचं तर आधी पूर्ण शिजवून घालावं. कच्चं अंडं टाळलेलं बरं.

मांस मधून चिरत पुस्तकासारखं उघडावं आणि ठोकून सारख्या जाडीचं करावं. सारणाचा पातळ थर पसरावा, कडा 2 सेंटिमीटर मोकळ्या सोडाव्यात. मग घट्ट गुंडाळून सुती दोऱ्याने दर 3 सेंटिमीटरवर गाठ मारावी. सारण भरल्यावर लगेच भाजायला घ्यावं, भरून ठेवून देऊ नये.

वेळेचं गणित

जेवण साडेआठला असेल तर सहा वाजता रोस्ट 180 अंशांच्या ओव्हनमध्ये जायला हवं. साधारण पावणेदोन तास लागतात. जाडीनुसार वेळ बदलतो, म्हणून सव्वा तासानंतर तापमान मोजायला सुरुवात करावी. 74 अंश झाल्यावर बाहेर काढून 15 ते 20 मिनिटं झाकून ठेवावं. लगेच कापलं तर रस ताटात वाहून जातो. दोरा काढून बोटभर जाडीच्या चकत्या कापाव्यात.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात रोस्ट सगळीकडून लाल करून घ्यावं. मग वाटीभर पाणी घालून घट्ट झाकणाखाली मंद आचेवर शिजवावं. अधूनमधून उलटावं आणि पाणी आटलं तर थोडं गरम पाणी घालावं. तापमानाचा नियम इथेही तोच.

उरलेल्याचं काय?

गप्पांच्या नादात रोस्ट टेबलावर तसंच राहतं. 4 ते 60 अंशांच्या दरम्यान जीवाणू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं मांस 2 तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं. खोलीचं तापमान 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरातच. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या उन्हाळ्यात म्हणूनच सगळं रोस्ट एकदम टेबलावर मांडू नये. लागेल तेवढंच कापून वाढावं. उरलेल्या तुकड्यातलं सारण वेगळं काढून, दोन्ही उथळ डब्यांत ठेवावं, म्हणजे लवकर थंड होतं. हे 3 ते 4 दिवसांत संपवावं आणि खाताना पुन्हा वाफ येईपर्यंत, 74 अंशांपर्यंत, गरम करावं.